पॅकेज एक, नग दोन

रसायनीच्या एका कारखान्याच्या फाटकावर मी वॉचमन होतो. शिक्षण चौथी नापास, पण नियमाला पक्का. एकदा मुंबईहून एक चष्मेवाला आला. बोलताना सारखा चष्मा सदऱ्याला पुसायचा. पासावर लिहिलं होतं, 'कॉम्प्युटरचं पॅकेज, एक.' डब्यात कॉम्प्युटरमध्ये घालायच्या चौकोनी फ्लॉप्या मात्र दोन. मी एक काढून ठेवून घेतली.

"काका, काम एकच आहे, पण आत कॉम्प्युटर दोन जातींचे आहेत. ज्याला त्याची फ्लॉपी लागते. आज दोन्ही चालले नाहीत तर माझी नोकरी जाईल."

"काम एक, मग दोन कशाला? आमाला शिकवू नका."

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. मी सलाम ठोकला. "सगळं ठीक आहे, साहेब." गाडी आत गेल्यावर त्याच्याकडे वळलो. "नियम म्हंजे नियम हाय."

तो चष्मा पुसत हसला. "साहेबांना 'आहे', मला 'हाय'. बोलणारे तुम्ही एकच ना, काका? या फ्लॉप्यांचंही तसंच."

मी काढून ठेवलेली फ्लॉपी त्याला परत दिली. वहीत 'पॅकेज एक, नग दोन' असं लिहून त्याला सोडला. संध्याकाळी तो शीळ घालत बाहेर पडला. वहीतलं त्याचं नाव मी विसरलो. पण पुढे निवृत्त होईपर्यंत साहेबांना 'आहे' म्हणताना वाटायचं, घातली आपण दुसरी फ्लॉपी.