लाल गोंड्याचा जोड

यल्लाप्पा माणसाचं तोंड शेवटी बघायचा. आधी पाय. पावणं मोटारीतून उतरू दे न्हाईतर सायकलवरनं, ह्याची नजर टाचेवर. पसंत पडलं नाही तर तोंडावर सांगायचा, "ह्ये पायताण न्हवं, पुठ्ठा हाय." गोड बोलायचं त्याला कधी जमलंच नाही. चाळीस वर्षं त्यानं सुभाषनगरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत कातडं कापलं. पण खरी कला होती ती त्याच्या बायकोच्या, बयाबाईच्या हातात. पट्ट्यावरच्या कातडी वेण्या ती घालायची. नाव मात्र यल्लाप्पाचं व्हायचं आणि हा बाबा ते होऊ द्यायचा.

दोन वर्षांमागं मुंबईचा एक साहेब आला. परदेशी सिनेमा, पाण्यासारखा पैसा, वाळवंटातला राजा आणि वाळूत गाडलेला खजिना. जुन्या काळची पायताणं पाहिजेत म्हणाला, दोनशे जोड. अट एकच, आवाज नको. तळाच्या दोन थरांत बिया दाबल्या की कोल्हापुरी पायताण करकर वाजतं. आपल्याकडं तीच ऐट, त्यांच्या शूटिंगला तीच पीडा!

बयाबाईच्या डोळ्यांत तेव्हा काचबिंदू उतरला होता. निम्म्या वेण्या तिनं चाचपून घातल्या. शेवटच्या जोडात मात्र तिनं गुपचूप बिया दाबल्या, वर लाल गोंडा लावला.

"येडी हाईस का?" करकर ऐकून यल्लाप्पा भडकला. "माल परत आला म्हंजे?"

"पिच्चर यीस्तवर मला दिसायचं न्हाय," ती म्हणाली. "ऐकू तरी यील की, माझं हाय म्हणून."

तो जोड त्यानं मुकाट्यानं खोक्यात घातला. पुढं सहा महिन्यांत तिची नजर पार गेली.

सिनेमा कोल्हापूरला लागला तशी लेकीनं, क्रांतीनं, तिकिटं काढली. बयाबाई ठेवणीतलं लुगडं नेसली. खुर्चीत बसल्यापासून तिनं नवऱ्याचं मनगट जे धरलं ते सोडलंच नाही.

खोटं कशाला बोला, सिनेमा झकास काढला होता. वावटळ उठली तेव्हा यल्लाप्पानं खरोखर डोळे पुसले. पाचशे घोडी दौडली तेव्हा खुर्ची हादरली. पण गोष्टीत दम काडीचा नाही. हिरो कड्यावरून पडला तरी खरचटत नाही, सात दिवस उपाशी तरी दाढी कोरलेली. आणि त्याच्या पायात? बूट! वाळवंटात, राजाच्या काळात, बूट! यल्लाप्पाच्या तोंडात शिवी आली, ती त्यानं लेकीकडं बघून गिळली. बाकीच्यांचं कमरेखाली काही दाखवतील तर शपथ.

"आलं का?" बयाबाई विचारायची.

"गप की. लढाई चाललीया."

शेवटाकडं ते आलं. हिरोच्या घोड्यापुढून मढ्यांनी भरलेला एक गाडा गेला. एक पाय बाहेर लोंबत होता. त्या पायात लाल गोंडा. दोन सेकंद असेल नसेल, पण ती वेणी त्यानं हजारांत ओळखली असती.

सिनेमा संपला. नावं वर सरकू लागली, क्रांती वाचत होती. घोड्यांचा डॉक्टर होता, आचारी होता, कुत्र्याचंसुद्धा नाव होतं. बयाबाई नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर ती थांबली. "अवो, वाजलं न्हाय."

"बाजाच्या दणक्यात दबलं आसंल."

"न्हाय. मी कान लावून हुते. दिसलं का तुमास्नी?"

"दिसलं."

"गोंड्याचं? मग वाजलं का न्हाय?" तिचा आवाज कापला. "बिया नीट दाबल्या न्हाईत व्हय मी? शेवटचं काम, आनि त्येच बिघाडलं?"

राजाच्या पायात होतं, असं सांगायचं त्यानं मघाशीच ठरवलं होतं. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलायची तयारी केली होती. पण राजा चालला आणि पायताण वाजलं नाही, म्हणजे दोष हिच्या हाताचा. तो त्याला घशाखाली उतरेना.

"तुझं कायबी चुकलं न्हाय," तो म्हणाला. "मढ्याच्या पायात हुतं त्ये. मढं चालतंय व्हय?"

बयाबाई पायानं पुढची पायरी चाचपत म्हणाली, "दोनशे जोडांत मढ्याला घालाय माझाच गावला व्हय ह्यास्नी?"