ग्रुप फोटोतली नावं

कॉलेजच्या इतिहासाचे कागद लावायला मला निवृत्तीनंतर परत बोलावलं, कारण लाल रुमालांत बांधलेल्या गठ्ठ्यांत कुठं काय आहे ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? कारकून ते हेडक्लार्क, जन्मभर एकच नियम पाळला. यादी आणि वस्तू जुळली पाहिजे. जुळली नाही की मला रात्री जेवण जात नसे.

आठवड्यातून तीनदा सात रस्ता चौकातून रिक्षानं यायचो, धूळ खायचो आणि "सर, मान्यवरांचे फोटो आधी काढा" म्हणणाऱ्या तरुण प्राध्यापकांवर खेकसायचो. त्यांना इतिहास म्हणजे फक्त फेटे आणि हारतुरे वाटतात.

एके दिवशी कुंभारी गावाहून चाळिशीची एक बाई आली. विड्या वळून घर चालवणारी. तिचे वडील आमच्याकडं शिपाई होते आणि ती वर्षाची असतानाच वारले होते.

"सायेब, आबांचा फोटू घावंल का वो? घरात एकबी न्हाय. आई म्हनायची, तू त्येंच्यावानीच दिसतीस. आता आईबी गेली. म्या अजून बापाचं तोंड बघितलं न्हाय."

मी त्यांचं सेवापुस्तक काढलं. फोटोच्या चौकोनात वाळलेल्या डिंकाचा डाग तेवढा होता. "न्हाय तर न्हाय," म्हणत ती पिशवी उचलू लागली. मी गप्प बसलो असतो तर ती गेलीही असती, आणि क्षणभर मला तेच हवं होतं. कारण फोटो होता आणि तो कुठं आहे हे मला माहीत होतं.

ते वारले त्याच्या आदल्या वर्षीच्या ग्रुप फोटोसाठी खुर्च्या तिच्या आबांनीच मांडल्या होत्या. प्राचार्य म्हणाले, "तूही ये रे," म्हणून ते उजव्या टोकाला उभे राहिले. पुढं फोटोखाली नावं घालायची वेळ आली. 'बसलेले डावीकडून', 'उभे डावीकडून' अशी यादी मीच केली, मस्टरवरून, फक्त प्राध्यापकांची. नावं आणि डोकी जुळेनात. एक डोकं जास्त. शिपायाचं नाव प्राध्यापकांच्या रांगेत घातलं तर दोघंतिघं रुसतील, हेही मी जाणून होतो. मग फ्रेमवाल्याला सांगितलं, फोटोभोवतीचा नावांचा पुठ्ठा उजवीकडून बोटभर आत घे, टोकाचा माणूस झाकू दे. हिशेब चोख झाला. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

तिला "थांबा" म्हणालो. हॉलमधली तसबीर उतरवली, मागचे खिळे उपसले, काच काढली आणि नावं लिहिलेला पुठ्ठा अलगद उचलला.

बाकीचे सगळे इतक्या वर्षांच्या उजेडानं पिवळे पडले होते. प्राचार्यांचे तर डोळेसुद्धा कळत नव्हते. पण टोकाला तिचे आबा कालच उभे राहिल्यासारखे स्वच्छ होते. टोपी, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, हसू दाबलेलं तोंड. तिचंच तोंड.

तिनं फोटोला हात लावला नाही. पदरानं आधी स्वतःचा चेहरा पुसला आणि बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "ह्यास्नी झाकलं कुनी वो?"

"मी," म्हणालो. कारणही सांगितलं, यादीचं. माझ्याच कानाला ते हलकट वाटलं. तिनं ताडताड बोलावं, निदान तोंड फिरवावं, असं मनापासून वाटत होतं.

ती फोटोकडंच बघत होती.

"बरं केलंसा की," ती म्हणाली. "उजेडात ऱ्हायले असते, तर ह्या सायबांवानी आबाबी पुसून गेले असते."