धनेशाचा आवाज आणि बंद लॅपटॉप

मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. सुट्टीत जंगलात जाऊन पाखरांचे आवाज रेकॉर्ड करतो आणि इंटरनेटवर टाकतो. बाहेरदेशातले काही जण ऐकून खूश होतात आणि दहा-वीस रुपयांचं बिटकॉइन पाठवू म्हणतात. पण बिटकॉइनच्या मुख्य साखळीवर, म्हणजे सगळे व्यवहार नोंदणाऱ्या ब्लॉकचेनवर, एवढीशी रक्कम पाठवायची तर फीच तिच्याहून जास्त. म्हणून मी लाइटनिंगकडे, म्हणजे छोट्या रकमांसाठी असलेल्या बिटकॉइनच्याच जोडजाळ्याकडे वळलो. त्यात थोडी रक्कम अडकवून जाळ्यातल्या दुसऱ्या कोणाशी एक चॅनल उघडायचं, पुढची देवघेव साखळीबाहेर, क्षणात आणि जवळपास फुकट. साखळीवर नोंद होते ती उघडताना आणि बंद करताना.

एखाद्या कंपनीच्या अ‍ॅपवर हे दोन मिनिटांत झालं असतं. पण पैशाची किल्ली, म्हणजे ते खर्च करायचा गुप्त संकेत, माझ्याच हातात हवी, हा माझा हट्ट. जुन्या लॅपटॉपवर सगळं स्वतः बसवलं; पैसे यायचे तर तो रात्रंदिवस चालू हवा. पहिला आठवडा काहीच येईना. चॅनलमधली सगळी रक्कम माझ्या बाजूला होती, त्यामुळे येणाऱ्याला जागाच नव्हती. आधी खर्च करा, मग घ्या. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. थोडे खर्च केले, तेव्हा यायला लागले.

मार्चमध्ये गडचिरोलीकडच्या एका गावात पाच दिवस होतो. धनेशाचा आवाज मिळाला, अगदी स्वच्छ. मी फोन उंच धरून फिरत होतो.

"काऊन फिरून राह्यले?" घरमालक भाऊंनी विचारलं. "इथी रेंज नाई लागत. टेकडीवर जा."

टेकडीवर गेलो. धनेशाचा आवाज इंटरनेटवर टाकला. तासाभराने एका ऐकणाऱ्याचा निरोप आला, की तीनदा पैसे पाठवून पाहिले, जात नाहीत. मी घरी फोन लावला.

"ते खोकं घुरघुर करून राह्यलं होतं," बायको म्हणाली. "परवाच बंद केलं."

"चालू कर."

"केलं. पासवर्ड मागून राह्यलं."

अर्धा सांगून झाला आणि रेंज गेली. पुन्हा लागलीच नाही.

परत आलो तेव्हा चॅनल बंद झालेलं. इतके दिवस माझ्या लॅपटॉपकडून उत्तर नाही म्हणून चॅनलच्या दुसऱ्या टोकाच्याने ते साखळीवर नेऊन मोडलं होतं. उघडलं मी होतं, म्हणून मोडायची फीही माझ्याच वाट्यातून. वर्षभर पाखरं ऐकवून जमलेलं जवळजवळ सगळं त्यात गेलं.

मी लॅपटॉप गुंडाळून कपाटावर टाकला आणि कंपनीचं अ‍ॅप फोनवर घेतलं.

"मंग पयलेच काऊन नाई केलं?" बायकोने विचारलं.

मी किल्लीचं समजावू लागलो आणि मधेच थांबलो. आता पैसे येतात, झोपेतही येतात. किल्ली कंपनीकडे असते; पैसे माझे आहेत असं अ‍ॅप म्हणतं. एवढ्यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि ते मला अजून जमलेलं नाही.