दोन तोफांमधले रातबगळे

बारा वाजायला आले होते आणि दत्तू पुन्हा वर्गात नव्हता.

सायन्सचा तास होता. मी अख्खा क्लास शाळेच्या गच्चीवर नेऊन उभा केला होता, कारण ध्वनीचा धडा चार भिंतींत शिकवायचा म्हणजे पोहणं पाटीवर शिकवण्यासारखं. तेवढ्यात हेडमास्तर धापा टाकत जिना चढून वर आले.

"कानिटकर, तो शिंद्यांचा मुलगा कुठाय?"

"पाणी प्यायला गेलाय, सर."

"रोज बाराच्या ठोक्यालाच तहान लागते? उंट आहे का तो?" पोरं हसली. हेडमास्तर हसले नाहीत. "पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्टरसाहेबांची व्हिजिट आहे. त्या दिवशी हा बाराला जागेवर दिसला तर ठीक. नाहीतर नाव काढून टाकतो. तसाही तो धाकट्या पातीतला. आपण घेतला हेच खूप."

आता देवास ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे पाती प्रकरण सांगायलाच हवं. गाव एक, राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. भावाभावांची वाटणी. रस्त्याच्या या अंगाला एक दरबार, त्या अंगाला दुसरा. कचेऱ्या दोन, शिपाई दोन, आणि दुपारी बाराला तोफाही दोन. मी धारचा. आमच्या धारला एकच तोफ, एकच बारा. इथे नोकरीला आलो तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं प्रतिध्वनी आला.

तोफांची रीत ठरलेली. आधी थोरल्यांची वाजणार, तलावाच्या पलीकडच्या पाळीवरून. तिचा घुमारा विरायच्या आत धाकट्यांची, आमच्या शाळेजवळच्या बुरजावरून; शाळा मात्र थोरल्यांची. उशीर झाला तर धाकट्या दरबाराची शोभा. आणि चुकून आधी वाजली तर थोरल्यांचा अपमान. घड्याळावर भरवसा ठेवून चालत नाही, कारण घड्याळंही दोन आणि त्यांचंही पटत नाही. धाकट्यांच्या गोलंदाजानं, म्हणजे तोफ डागणाऱ्या माणसानं, थोरल्यांची तोफ ऐकायची आणि लगेच बत्ती द्यायची. बस, एवढंच काम.

तो गोलंदाज म्हणजे दत्तूचा बाप, सखाराम शिंदे.

दुसऱ्या दिवशी क्लासला लिहायला काहीतरी देऊन मी दत्तूच्या मागे निघालो. खरं सांगतो, मला राग आला होता. अख्ख्या क्लासमध्ये ध्वनी ज्याला कळतो असा हा एकच पोरगा, आणि हाच पळतो. तो थेट बुरजावर चढला. बाप तोफेशी पेटती बत्ती घेऊन उभा. दत्तू त्याच्या मागे गेला, खांद्यावर हात ठेवला आणि स्तब्ध. तलावापलीकडून धप्प आवाज आला. दत्तूनं खांदा दाबला. बापानं बत्ती दिली. तोफ धडाडली, आणि मग मला सगळं कळलं.

"बाबांना ऐकू येत नाही?"

दत्तूनं मान खाली घातली. "मास्तर, कोणाला सांगू नका. कळलं तर नोकरी जाईल."

"कोण आलंय रे?" सखाराम केवढ्यानं तरी ओरडला. बहिरी माणसं अशीच बोलतात, स्वतःचाही आवाज पोचत नाही म्हणून.

"शाळेचे मास्तर," दत्तू त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाला.

"या या, मास्तर. पोरगा शिकतो ना नीट?"

मी मान हलवली.

संध्याकाळी मी ट्यूनिंग फोर्क घेऊन त्यांच्या घरी गेलो. पोलादी चिमटा असतो, ठोकला की गुणगुणतो. कानाजवळ धरला तर आवाज हवेतून येतो. त्याचा दांडा कानामागच्या हाडाला टेकवला तर हाडातून येतो. कानाची वाट नुसती मळानं बुजली असेल तर हाडातून ऐकू येतं. सखारामला हवेतूनही नाही आणि हाडातूनही नाही. दातांना टेकवला तेव्हा म्हणाला, "गुदगुल्या होतात." म्हणजे वाट बंद नव्हती, आतलं घरच गेलं होतं.

"मग इतकी वर्षं कसं जमवलंत?" मी पाटीवर लिहून विचारलं.

सखाराम हसला. "बगळे होते ना."

तलावाच्या पाळीवर, थोरल्यांच्या तोफेच्या अगदी शेजारी, जुन्या चिंचा आहेत. त्यांच्या आडोशामुळे बुरजावरून पलीकडची तोफ दिसत नाही, तिचा धूरही नाही. पण चिंचांवर रातबगळ्यांची वस्ती होती. हे पाखरू रात्री मासे मारतं आणि दिवसा झोपतं. आपली दुपार ती त्याची मध्यरात्र. तोफ रोजचीच, तरी झोपेतून उठणाऱ्याला ती रोज नवी. वाजली रे वाजली की सगळा थवा शेंड्यांवरून वर. सखाराम ते बघायचा, एक श्वास घ्यायचा आणि बत्ती द्यायचा.

"श्वास कशाला?" मी पुन्हा पाटीवर लिहिलं.

"दिसतं आधी, ऐकू येतं मागून. लगेच डागली तर लोकांना आमचीच आधी ऐकू जाईल."

म्हणजे मी ज्याच्यासाठी अख्खा क्लास गच्चीवर नेला होता ते याच्या एका श्वासात होतं.

मग बगळे गेले कुठे? ते कळायला तलावावर जावं लागलं. पाळीवर एक राखणदार गोफण घेऊन बसला होता. फांदीवर पाखरू टेकलं की दगड.

"भिया, ह्यांनी काय बिघडवलं तुझं?"

"कांई करां मास्साब, हुकम हे," तो म्हणाला. "डागदरसाब बोल्या, इणकी बीट से पाणी खराब होवे."

उन्हाळ्यात गावात हगवणीची साथ झाली होती, खरं होतं ते. लोक तलावाचं पाणी पितात, पाखरं वरून घाण करतात, सबब पाखरं हाकला. हुकूम थोरल्या पातीचा. आणि त्यापायी धाकट्यांचा गोलंदाज पुरता बहिरा झाला होता. कानानं आधीच, आता डोळ्यांनीही.

मला रात्रभर चैन पडेना. सकाळी मी हेडमास्तरांना हळूच विचारलं, "सर, आपल्या गच्चीवरून थोरल्यांचा धूर दिसतो. समजा, बाराला कोणी इथून निशाण हलवलं, धाकट्यांना दिसेल असं?"

"थोरल्यांच्या शाळेवरून धाकट्यांच्या तोफेला इशारा? कोणाच्या हुकमानं? उद्या ते म्हणतील, आमची तोफ तुमच्या मास्तराच्या फडक्यावर चालते. कानिटकर, तुम्हाला नोकरी नको असेल तर राजीनामा द्या, लढाई कशाला लावता?"

तेव्हा लक्षात आलं, या गावात बगळ्यांवाचून इलाज नाही. दोन्ही पातींत ये-जा करून कोणाचाच नोकर नसलेला तेवढाच एक.

मी डॉक्टरांकडे गेलो. दत्तूही बरोबर होता, बाटल्या घेऊन. एका बाटलीत चिंचांखालचं पाणी, दुसरीत म्हशी बसतात त्या घाटाचं. लोक घागरी तिथेच भरतात. डॉक्टर माणूस तापट, पण मायक्रोस्कोप पुढे केला की लहान मूल होतो. बघू लागले.

"ही कुठली?"

"चिंचांखालची."

"आणि ही वळवळ कुठली?"

"म्हशींच्या घाटाची."

"हं." बराच वेळ काचेत डोळा. "मग म्हशींना गोफण मारायला सांगू का?"

"पाखरांना मारता, तर ती मरून पाण्यातच पडतात. परवा दोन पिल्लं तरंगत होती, सर," दत्तू म्हणाला.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "म्हशींना मालक आहेत, मास्तर. ते दरबारात जाऊन ओरडतात. बगळ्यांना मालक नाही, म्हणून हुकूम त्यांच्यावर निघाला. पण तुम्हाला बगळ्यांचा एवढा कळवळा का?"

मी सावधपणे म्हणालो, "एका ओळखीच्या माणसाच्या कानाचं विचारायचं होतं. आवाजानं कान गेला तर परत येतो का?"

"तोफेजवळ राहतो का हा माणूस?"

दत्तू टेबलाचा कोपरा खरवडायला लागला. डॉक्टरांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कानात अगदी आत बारीक केसांसारखं काही असतं," ते हळू म्हणाले. "उभ्या पिकासारखं. मोठा आवाज म्हणजे वादळ. एकदा आडवं झालेलं पीक उभं राहत नाही. येत नाही परत. जे काही उरलंय ते सांभाळायला कानात मेण लावलेला कापूस घालायला सांगा. आणि पोरानं खांद्याशी उभं राहू नये, त्याचंही तेच होईल."

हे शेवटचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. गावात डॉक्टरला सगळं माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला, थेट दरबारी भाषेत: मृत पक्ष्यांमुळे जल दूषित होते, सबब पाखरांस उपद्रव देऊ नये, पिण्याचे पाणी वरच्या विहिरीवरून न्यावे, तीत जंतुनाशक लाल दवा टाकली जाईल. तोफेचं नावही नाही. राखणदारानं गोफण कमरेला गुंडाळली आणि चिंचेखाली ताणून दिली.

पण पाखरांना हुकूम वाचता येत नाही. पहिल्या दिवशी एकही आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक आलं, बसलं, गेलं. मी शाळेआधी तलावावर, शाळेनंतर तलावावर. खानावळवाल्या काकू म्हणाल्या, "मास्तर, लग्न ठरलंय का तलावावर?" व्हिजिटच्या आदल्या संध्याकाळी चिंचेवर थोडेसेच होते. थवा म्हणावा असं काही नव्हतं.

"पुरतील," सखाराम म्हणाला. "उद्या तू शाळेत जा रे, दत्तू."

इन्स्पेक्टरसाहेब इंदूरकडून आले होते. दोन्ही पातींशी घेणंदेणं नसलेला माणूस. "ध्वनी शिकवता म्हणे, दाखवा," म्हणाले. सगळे गच्चीवर. दत्तू पहिल्या रांगेत, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. हेडमास्तर घड्याळ काढून उभे.

"आधी धूर दिसेल, साहेब," मी म्हणालो. "आवाज नंतर येईल. प्रकाश—"

पलीकडच्या पाळीवर पांढरा धूर फुलला. चिंचेवरून रातबगळे उठले. दत्तूचे ओठ हलले, श्वास, श्वास. पण बापानं श्वास घेतलाच नाही. इतक्या दिवसांनी पाखरं दिसली आणि त्याचा हात धावला. बुरजावर लगेच धूर, आणि धडाम्. आमच्या कानात धाकट्यांची तोफ आधी वाजली. तिच्या मागून, लांबून, थोरल्यांची धप्प.

हेडमास्तरांचा चेहरा पांढरा पडला. "गेलं. धाकट्यांनी आधी डागली."

खाली रस्त्यावर गलका सुरू झाला होता. थोडक्याच वेळात थोरल्या दरबाराचा एक कारकून पगडी सावरत जिना चढून आला. "तुम्ही गच्चीवर होता. सांगा, कोणाची आधी? बाजारात सगळ्यांनी धाकट्यांची आधी ऐकली. गोलंदाजाला आजच काढायला लावतो."

मी तोंड उघडलं, पण दत्तू आधी बोलला.

"आधी थोरल्यांचीच वाजली, साहेब. तिचा धूर आधी दिसला. आपण धाकट्यांच्या तोफेजवळ उभे आहोत. तिचा आवाज जवळून आला म्हणून लवकर पोचला. थोरल्यांचा लांबून निघाला, तो वाटेत होता. बाजारही इकडेच आहे. तिथे सगळ्यांना असंच ऐकू येणार. पण पलीकडच्या पाळीवर जाऊन विचारा. तिथे थोरल्यांचीच आधी ऐकू आली असेल."

कारकून म्हणाला, "पोरगं काहीही बोलतंय."

"बोलतंय ते बरोबर बोलतंय," इन्स्पेक्टर म्हणाले. "धूर मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. थोरला आधी, धाकटा मागून. हवं तर माझं नाव सांगा. आणि पाळीवर जाऊन विचाराच."

कारकून विचारायला गेला. पाळीवरच्या राखणदारानं शपथेवर सांगितलं की थोरल्यांची आधी. मामला तिथेच मिटला.

"हा मुलगा कोण?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

मी हेडमास्तरांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. "आमचाच आहे, साहेब. हजेरीला पक्का."

दत्तू खाली मान घालून कठडा पुसत होता, कारण नसताना.

त्यानंतर तो बाराला वर्गातच असतो. तोफेच्या वेळी त्याचा टाक थांबतो, दुसरी वाजली की पुन्हा चालतो. सखाराम आता दोन श्वास घेतो म्हणे. मीही एक शिकलो. पुस्तकात लिहिलंय की ध्वनीला पोचायला काहीतरी माध्यम लागतं: हवा, पाणी, लाकूड, लोखंड. मी बोर्डावर ते सगळं लिहितो, आणि देवासपुरता खाली आणखी एक शब्द लिहितो. रातबगळा. परीक्षेत मात्र लिहू नका, असं पोरांना बजावून ठेवलंय.