पदराआडचे हात

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. एकदा ग्वारीघाटला नर्मदेत दिवा सोडताना अगदी ओठांवर आलं होतं, तेही गिळलं. नदीला सांगणं सोपं असतं. ती उलटून काही विचारत नाही. तुम्ही विचाराल, म्हणून तुम्हाला सांगते. चौथीपर्यंतच शिकले आहे मी, पण मोजता येतं मला. नीट येतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

रांझीतली आमची गल्ली कारखान्यात नोकरी करणाऱ्यांची. गल्लीची एक समिती आहे. पाणी, दिवे, गणपती, नाली — काहीही ठरवायचं असलं की देवळासमोर सतरंज्या पडतात. पुढे पुरुष, मागे बायका. हात वर करून मत द्यायचं. पुरुषांचे हात अध्यक्षजी स्वतः मोजतात. बायकांचे मात्र बाईनेच मोजायचे, कारण बायकांचे सगळे हात वर येत नाहीत. ज्या सुनेचा सासरा पुढे बसलेला असतो, ती हात छातीपर्यंतच उचलते, पदराच्या आत. मोजणारी ओळींमधून फिरते, पदर जरासा हललेला पाहते आणि तो हातही मोजणीत धरते. कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे जाऊन फक्त आकडा सांगायचा. कोणाचे हात, ते सांगायचं नाही.

हे काम माझ्याकडे का आलं? मी कमी बोलते म्हणून. लोकांना वाटतं, कमी बोलणारी बाई खोटं बोलत नसेल.

त्या दिवशीचा प्रश्न गेटचा होता. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवायचं. पण तिथेच कमलाचा ठेला — कोळशाची इस्त्री करायची ती. गेट म्हणजे ठेला हटणार. विधवा बाई, गल्लीतल्या कपड्यांवर तिचं घर चालायचं. माझ्या घराच्या भिंतीला लागूनच ती उभी असायची. माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा माझ्या मुलीला हिनेच आठ दिवस जेवू घातलं होतं. हेही सांगायलाच हवं ना?

कमलाला सभेत बोलू दिलं. ती एवढंच म्हणाली, "मैं तो आप ही लोगों के कपड़ों की सिलवटें निकालती हूँ, अब मुझे ही निकाल दोगे?" सुरकुत्या काढणारीलाच काढणार, यावर लोक हसले. मीसुद्धा हसले.

मग हात. गेट हवं म्हणणारे, बायका-पुरुष मिळून एकतीस. नको म्हणणारे पुरुष पंधरा. राहिल्या गेट नको म्हणणाऱ्या बायका. मी ओळींमधून फिरले. उघडे हात अकरा. पदराआडचे आठ. एकेक पदर मी पाहिला. पिवळा, जांभळा, सुनीताचा हिरवा. एकोणीस होत होते. पंधरा आणि एकोणीस चौतीस — ठेला वाचत होता.

मी पुढे गेले. अध्यक्षजींनी विचारलं, "कितने, दीदी?"

मी म्हणाले, "ग्यारह."

बस. एवढंच केलं मी.

घाबरले होते, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. एवढ्या पुरुषांसमोर आवाज फुटला नाही, गोंधळले — चालून गेलं असतं, नाही? माझ्यावर कोणी शंका घेतली नसती. पण तसं नव्हतं. आवाज चांगला फुटला होता. त्या सभेच्या थोडे दिवस आधी आमच्या मुलीला पाहायला सराफा बाजाराकडची मंडळी आली होती. मुलाची आई रिक्षातून उतरली आणि तिचा पाय कमलाने टाकलेल्या राखेत पडला. तिने नाकाला पदर लावला, आमच्या भिंतीवरची काजळी पाहिली आणि चहा अर्धाच ठेवला. नकार आला. मुलगी सावळी म्हणून आला असेल, आणखी कशाने आला असेल — पण मी तो राखेच्या माथी मारला. कमलाला एक शब्दही बोलले नाही. 'राख जरा पलीकडे टाकत जा' एवढंसुद्धा नाही. बोलले असते तर तिने टाकली असती. मी गप्प राहिले आणि वाट पाहिली. मग सभेत आठ हात गिळले.

त्या आठजणी काही बोलू शकणार नव्हत्या, हे मला माहीत होतं. बोलल्या तर घरी कळलं असतं की सुनेने सासऱ्याच्या उलट हात उचलला. हेही मी मोजलंच होतं.

फक्त त्या हिरव्या पदराच्या सुनीताने विचारलं. दोन दिवसांनी नळावर, हळूच. "काकू, माझा हात दिसला नाही काय तुम्हाला?"

मी म्हणाले, "काहून उचलत नाहीस गं नीट? दिसलाच नाही."

ती ओशाळली. चूक तिचीच असल्यासारखी. त्यानंतरच्या सभांना ती येते, पण तिचा पदर हलत नाही. मी तिच्यासमोर जरा जास्त वेळ उभी राहते. तरी हलत नाही.

ठेला दुसऱ्याच आठवड्यात उठला. कमला आता नालीपलीकडे उभी राहते, तिथे उन्हाला आडोसा नाही. ती जायच्या दिवशी काही बायका कुजबुजत होत्या, मोजणीत गडबड झाली म्हणून. मी दारातच उभी होते. कमलाने इस्त्रीतले कोळसे विझवले, राख घमेल्यात भरली — त्या दिवशी एक कणही सांडू दिला नाही — आणि त्यांना म्हणाली, "दीदी ने गिना है ना? फिर ठीक ही गिना होगा."

माझ्याकडे पाहून म्हणाली. मी मान हलवली. हो म्हणून.

मुलीचं लग्न पुढे दुसरीकडे झालं. तिचा शालू कमलानेच इस्त्री करून दिला. सभा अजून होतात. बायकांचे हात अजून मीच मोजते, आणि आता पदराआडचे सगळे मोजते. त्या दिवशी ते आठ होते. मला दिसले होते.