येशुदासभाऊंचा वास्तववाद आणि माझी जळजळ

आमच्या चांद्याच्या मिशनमधले किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. गरजच पडली नाही. चार प्रचारक दर गुरुवारी एका व्हरांड्यात धर्मशास्त्र शिकायला बसले की आठवड्याला एक तरी किस्सा आपसूक घडतो. आमच्याकडे जरा जास्तच घडले, कारण एकोणीसशे पन्नासनंतरची ती सगळी वर्षं मी येशुदासभाऊंवर जळत होतो. आता वय झालं, सांगायला हरकत नाही.

येशुदासभाऊ दोन वर्षं सेमिनरीत शिकून आले ते ‘वास्तववाद’ हा शब्द घेऊनच. आमचे पाद्रीसाहेब कायमचे विलायतेला जाणार होते आणि त्यांच्या जागी आम्हा दोघांपैकी एकाला पाळकाची दीक्षा मिळणार होती. त्यामुळे तो शब्द मला पहिल्या दिवसापासून टोचला.

*

पहिल्याच गुरुवारी त्यांनी टेबलावरच्या सुरईकडे बोट दाखवलं. म्हणाले, देवानं जग खरोखर निर्माण केलं, म्हणून ते आपल्या बघण्यावर अवलंबून नाही. आपण डोळे मिटले तरी ही सुरई असतेच. साहेबांनी मान डोलावली. मला ती मान सहन झाली नाही. मी उठून विचारलं, डोळे मिटल्यावर सुरई आहे हे कळणार कसं?

“मिटा आणि हात पुढे करा,” येशुदासभाऊ म्हणाले.

मी रागारागानं हात पुढे केला. सुरई खाली पडून फुटली. साहेबांनी ओले झालेले बूट झटकले आणि म्हणाले, “व्हेरी रिअल!”

*

त्या दिवसापासून मी विरुद्ध पक्ष धरला. जग फक्त देवाच्या मनात आहे, त्याच्या बाहेर काही नाही. हे मला पटलं होतं असं नाही. ते येशुदासभाऊंचं नव्हतं, एवढं मला पुरे होतं.

घरी चुलीपाशी बसून मी हे सगळं बायकोला, राहेलला, समजावत होतो. ती बिचारी ऐकत राहिली आणि भात करपला.

“सारं मनातच हाय म्हणता,” राहेल म्हणाली, “मंग हा वास कुठून येऊन राह्यला?”

वर, येशुदासभाऊ किती सोपं करून सांगतात, असंही म्हणाली. मी मुकाट्यानं करपलेला भात खाल्ला.

*

साहेबांनी एकदा लेखी परीक्षा घेतली. प्रश्न एकच: देव खरा आहे, की आपण मानतो म्हणून आहे? येशुदासभाऊंनी अकरा पानं लिहिली. मी एक लिहिलं. त्यांच्या पेपरवर साहेबांनी ‘उत्तम’ लिहिलं आणि माझ्यावर ‘अक्षर चांगले’.

*

मग आम्ही दोघं सूरजागडच्या डोंगरांकडच्या एका गावी गेलो. येशुदासभाऊंना गोंडी येत नव्हती, मला येत होती. म्हणजे उपदेश त्यांचा आणि घसा माझा. त्यांनी समोरच्या डोंगराकडे हात केला आणि सांगितलं, तुम्ही माना की न माना, हा डोंगर आहेच. आमचा देवही तसाच आहे. मी गोंडीत सांगितलं. गावच्या म्हाताऱ्या पाटलानं शांतपणे ऐकून घेतलं, त्या डोंगरावरच्या आपल्या देवाला हात जोडले आणि एक प्रश्न विचारला. तो मी एक अक्षर न गाळता मराठीत आणला.

“आम्ही नाई मानलं तरी तुमच्या देवाचं काई अडत नाई, तं तुमी एवढ्या लांब चालत काऊन आले?”

येशुदासभाऊंनी डोंगराकडे केलेला हात खाली घेतला. मी परतीच्या वाटेवर जवळजवळ पळत होतो, साहेबांना कधी सांगतो असं झालं होतं. पोचून आंघोळ करून बंगल्यावर गेलो, तर येशुदासभाऊ आधीच तिथे बसून स्वतःची फजिती सांगून हसत होते. साहेब म्हणाले, ज्याला हरता येतं तोच पाळक. त्याच आठवड्यात दीक्षेसाठी येशुदासभाऊंचं नाव जाहीर झालं.

*

पाळक झाल्यावर त्यांचं पहिलं प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर मंडळीला वाटायची. आमच्या मंडळीत रीत अशी, की कोणाविषयी मनात अढी असेल तर आधी उठून त्याच्याजवळ जायचं, ती बोलून टाकायची आणि मगच भाकर घ्यायची. अढी ठेवून घेणाऱ्याचं काही खरं नाही, असं लहानपणापासून ऐकलेलं. त्या दिवशी मी पहिल्या बाकावर बसलो होतो. शेवटच्या बाकावर बसलो असतो तर लोकांना कळलं असतं.

येशुदासभाऊंनी भाकरीवर प्रार्थना केली. मग ताट तसंच ठेवून ते खाली उतरले आणि साऱ्या मंडळीदेखत माझ्यापुढे गुडघे टेकून बसले.

“भाऊ, मी तुमच्यावर जळतो,” ते म्हणाले. “आजचं नाई, आल्या दिवसापासून. मी बोलतो आन् लोक तुमच्या तोंडाकडे पाह्यतात. कोणी आजारी पडलं तं तुमाले बोलावतात, मले नाई. मले माफ करा.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माफ केलं म्हणालो. बाया डोळे पुसायला लागल्या.

ते उठले, ताट घेऊन आले आणि हळूच विचारलं, “तुमच्या मनात माह्याबद्दल काही हाय काय, भाऊ?”

“नाई,” मी म्हणालो, आणि भाकर घेतली.