रहिमुबीचं जवसाचं पाणी

रहिमुन्निसा हे तिचं पुरं नाव काझीनं निकाहाच्या दिवशी उच्चारलं असेल तेवढंच. एरवी अख्ख्या जुन्या जालन्याला ती रहिमुबी. कुणाच्या घरी लग्न निघालं की नवरीचं डोकं तिच्या हाती द्यायचं, मग घर मोमिनाचं असो की मराठ्याचं. न्हाऊ घालणं, गुंता सोडवणं, वेणी घालणं ही तर कुणीही करायची कामं. रहिमुबीला लोक बोलावत ते वेगळ्याच गोष्टीसाठी. हट्टी केसांना ती वळण लावायची, आणि ते केस सरळ होऊनही मऊ राहायचे.

ही विद्या तिच्या स्वतःच्या डोक्यावर जन्मली होती. पणजोबा म्हणे हबशी रिसाल्यात घोडेस्वार होते. त्यांची घोडी गेली, तलवार गेली, केस तेवढे पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिले. बोटाभोवती अंगठीसारखे वळणारे, फणीचे दात मोडणारे. रहिमुबी चौदा-पंधराची झाली तेव्हा आईनं चुन्याची निवळी आणि पापडखार एकत्र करून तिच्या केसांना लावलं. केस सरळ झाले. सरळ झाले आणि तहानलेले झाले. त्यानंतरचं सारं आयुष्य ती त्या तहानेची काळजी घेत आली. जवस उकळून, मलमलीतून गाळून त्याचं बुळबुळीत पाणी करायची. ते ओल्या केसांत बोटांनी मुरवायची, वरून करडीच्या तेलाचा हात फिरवायची, आणि मगच लागला तर कोमट चिमटा. चिमटा तिच्या नवऱ्यानं, बदरोद्दीननं, घडवून दिला होता. भांड्यांना कल्हई करणारा माणूस तो. निखारा किती लाल झाला की कथील वितळतं हे त्याच्या डोळ्यांत बसलेलं. दोन पात्यांचा, आतून आरशासारखा घासलेला तो चिमटा जुन्या जालन्यात एकच होता.

त्या सोमवारी दुपारी मात्र तिला बोलवायला कुणी नोकरमाणूस आलं नाही. तुळजाबाई स्वतः आली. रामरावांची बायको, मंठ्याकडच्या जमीनदारांची सून, कापडबाजारातून डोक्यावर पदर ओढून पायी चालत आली, तेव्हाच रहिमुबी हातातलं काम टाकून उठली.

"बाई, तुम्ही कशाला पायपीट केली? निरोप धाडला असता तर मी आले असते."

"निरोप धाडण्यासारखं न्हाई गं हे," तुळजाबाई दारातच उभी राहून म्हणाली. "तुझा चिमटा घे आन् चल. जल्दी चल."

वाटेत तिनं काहीच सांगितलं नाही. घरी पोचल्यावर सांगायची गरजच उरली नाही. मागच्या पडवीत तिची लेक नंदा पाटावर बसली होती. नंदाचे केस मूळचे कुरळे. मामेबहिणी तिला सुगरणीचा खोपा म्हणायच्या आणि तीही त्यांना हसून परत काहीतरी ऐकवायची. आता त्या खोप्याच्या जागी वाळल्या कडब्याची पेंढी होती. केस सरळ होते, पण हात लावला की करकरत होते. पाटाभोवती तुटलेल्या केसांचे बोटबोटभर तुकडे पडले होते.

"काय लावलं?" रहिमुबीनं विचारलं.

"तूच सांगितलं व्हतं न्हाई का, चुना आन् पापडखार."

"किती?"

"पापडाच्या पिठाला टाकते तेवढा."

"अहो बाई," रहिमुबी कपाळाला हात लावून म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर काय उडदाचे पापड लाटायचे व्हते?"

नंदा एवढ्या दुःखातही फिसकन हसली. तुळजाबाईला हसू आलं नाही.

कारण गुरुवारी जाफराबादची माणसं येणार होती. मुलाचं नाव धर्मराज. घर चांगलं, जमीन काळी, माणसं मोजकी. सगळं जुळत आलं होतं. पण मुलाची आत्या साळूबाई येणार होती आणि साळूबाईची ख्याती तिच्या आधीच पोचली होती. ती मुलीची वेणी सोडायची. कनवटीची लाकडी फणी काढून मुळापासून टोकापर्यंत फिरवायची. टेंभुर्णीच्या एका मुलीच्या डोक्याला तिनं फणी लावली आणि चहाला हात न लावता उठून गेली, असं तुळजाबाईच्या कानावर आलं होतं. कुरळ्या केसात फणी अडकली असणार, दुसरं काय? म्हणून तुळजाबाईनं गुपचूप हा उद्योग केला होता. रहिमुबीला बोलावलं असतं तर गल्लीत बोभाटा झाला असता आणि केस मुळात सरळ नाहीत हे जाफराबादला पोचलं असतं.

"आता तू फकस्त चिमटा तापव," ती म्हणाली. "एक हात फिरवलास की केस रेशमासारखे होतात, मी पाह्यलंय."

रहिमुबीनं नंदाच्या खांद्यावरची एक बट उचलली आणि करंगळीभोवती हलकेच वळवली. बट वळली नाही. कट्‌ आवाज करून मोडली.

"ह्याच्यावर चिमटा ठेवला ना बाई, तर गुरुवारी फणी फिरवायला केसच राहणार न्हाईत."

रहिमुबीच्या मनात आलेली गोष्ट तिनं तोंडावर दिसू दिली नाही. खाराची माहिती या पेठेत एकट्या तिला. पोरीचं डोकं उघडं पडलं तर पापडाचं माप कुणी विचारणार नव्हतं. सगळे म्हणणार होते, रहिमुबीनं जाळलं. दारातूनच परतली असती तर कदाचित वाचली असती. पण मागच्या लग्नात कौतुक झालं त्या भरात याच बाईला फुशारकीनं 'चुना आन् पापडखार' कुणी सांगितलं होतं? मापाचं एक अक्षर बोलली नव्हती ती तेव्हा.

तिनं चिमटा पिशवीतून काढला आणि बदरोद्दीनच्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला.

"ताक हाय का घरात? आंबट पाहिजे, दोन दिवसांचं."

"ताक?"

"खार अजून आतच बसलाय. शिकेकाईनं तो निघत न्हाई. आंबटानं निघतो."

ताक आलं. रहिमुबीनं ते पाण्यात सारखं करून नंदाच्या केसांवर धार धरली, पुन्हा पाणी, पुन्हा ताक. पडवीभर आंबूस वास सुटला.

"खाला," नंदा डोळे मिटून म्हणाली, "माह्या डोक्याची कढी झाली. आता फोडणी तेवढी द्या."

"फोडणी तुझ्या मायनं आधीच दिली पोरी. आपण जळलेलं खरवडून राह्यलोत."

या वेळी तुळजाबाईही हसली, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावून आत निघून गेली.

मग जवस. मागच्या चुलाण्यावर पाणी उकळलं, जवस फुगले, पाण्याला तार आली. रहिमुबीनं ते कोमट होऊ दिलं आणि फणीला हातही न लावता, बोटांनी, एकेक बट वेगळी करत केसांत मुरवलं. केस ओले असतानाच. वरून तेल घेतलं ते तळहात नुसता चमकेल इतकंच.

"आमच्याकडं तर पयलं तेलच थापतात," तुळजाबाई आता बाहेर येऊन जवळ बसली होती.

"कोरड्या केसावर तेल थापलं की ते वरच राहतं, बाई. आतला केस उपाशीच. पयलं पाणी पाजायचं. तेल म्हणजे त्या पाण्यावर झाकण."

गरम पाण्यात पिळलेला पंचा डोक्याभोवती गुंडाळून तिनं नंदाला उन्हाकडे पाठ करून बसवलं. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी रहिमुबीनं बट करंगळीभोवती वळवली तेव्हा ती वळली, आणि सोडल्यावर सावकाश उलगडली. मोडली नाही. रहिमुबीनं ती बट पुन्हा एकदा वळवून पाहिली, उगाचच.

तरी टोकं मेलेलीच होती. ती दुभंगून वर चढत होती. तिनं कात्री मागितली आणि तुळजाबाईचा चेहरा पडला. लग्न ठरायला आलेल्या मुलीच्या केसाला कात्री? या घरात केसाला लोखंड लागायचं ते एकाच प्रसंगी, बाईचं कुंकू पुसलं गेल्यावर, आणि तो प्रसंग कुणाच्या वाट्याला येऊ नये असा.

"रहिमुबी, तेवढं सोडून काहीबी सांग."

"दोन बोटं, बाई. ती ठेवली तर फणी तिथंच अडकणार बघा."

तुळजाबाई बराच वेळ लेकीच्या पाठीकडे पाहत राहिली. मग स्वतः कात्री आणून दिली आणि तुळशीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. कात्रीचा आवाज थांबेपर्यंत ती वळली नाही.

गुरुवारी सकाळी रहिमुबीनं शेगडी पेटवली. चिमटा निखाऱ्यावरून काढला आणि पात्यांमध्ये कापसाचा पुंजका धरला. पुंजका पिवळा पडला. तिनं चिमटा हवेत धरून ठेवला, दुसरा पुंजका घेतला. तो पांढराच राहिला. तेव्हा कुठे तिनं नंदाच्या पुरत्या वाळलेल्या केसांवरून, मुळं सोडून, एकच हात फिरवला. दुसऱ्यांदा नाही. तुळजाबाई "अजून एकदा" म्हणाली तरी नाही. वेणी सैल घातली, शेवंतीची दोन फुलं खोवली.

"आता तू जाऊ नगंस," तुळजाबाई म्हणाली आणि तिला माजघरात पडद्यामागे बसवलं. इतक्या वर्षांत रहिमुबी पडवीच्या पुढे आली नव्हती.

पाहुण्यांची बैलांची दमणी दाराशी थांबली. पुरुष रामरावांबरोबर बैठकीत बसले. साळूबाई आत आली ती पायरी चढतानाच बोलत आली. ठेंगणी, रुंद, नाकात टपोरी नथ. पाणी प्याली, नंदाला नाव विचारलं, भाकरी थापता येते का विचारलं, उत्तर पुरतं ऐकायच्या आधीच म्हणाली, "जरा पाठ कर पोरी माह्याकडं."

पडद्याच्या फटीतून रहिमुबीला नंदाचा खांदा आणि साळूबाईचे जाड मनगटाचे हात दिसत होते. फणी निघाली नाही. साळूबाईनं आधी अख्खी वेणी मुठीत धरली आणि मुळापासून ओढली. नुसती धरून नव्हे, बैलाचा कासरा ओढावा तशी ओढली. नंदाची मान मागे आली. रहिमुबीनं स्वतःच्याच गुडघ्याला चिमटा काढला. ओढण्याचा विचार कुणीच केला नव्हता.

वेणी हातात आली नाही. मग तिनं वेणी सोडली आणि फणी निघाली. ती मुळापासून खाली आली, मानेपाशी अडली. साळूबाईनं जोर केला नाही. थोडी वर घेतली, पुन्हा खाली आणली. फणी पाठीवरून सरकत टोकापर्यंत गेली. दातांत पाचसहा केस आले, कुणाच्याही फणीत येतात तेवढे.

"खरे हायेत गं बाई!" साळूबाई खदखदून हसली. "राग मानू नका विहीणबाई. मागल्या साली टेंभुर्णीला गेल्ते, तर वेणी ओढली आन् अर्धी माह्या हातातच आली. गंगावन लावलं व्हतं पोरीला! केस कमी असले तर असू द्या ना, फसवता कशाला? तवापासून मी ओढूनच पाहते."

टेंभुर्णीची खरी गोष्ट तुळजाबाईला आत्ता कळली.

साळूबाई मात्र अजून मानेपाशीच पाहत होती. "हितं बारीक केस कुरळे दिसून राह्यले. सरळ कशाला करून घेतले?"

माजघरात रहिमुबीनं डोळे मिटले. बाहेर कुणी काही बोलण्याआधी नंदाच म्हणाली, "मूळचे कुरळेच हायेत, आत्याबाई. आईला वाटलं तुमची फणी अडकंल."

"अगं माय!" साळूबाईनं कपाळावर हात मारला. "आमच्या धर्मराजाची टोपी काढून पाह्यलीस का? सगळं मेंढरू हाय नुसतं! त्याच्या डोक्यात तर फणी शिरतबी न्हाई. जोडी बराबर जमंल."

बैठकीतल्या पुरुषांपर्यंत हसू गेलं. रामराव "काय झालं, काय झालं" विचारत दारापर्यंत आले आणि कुणी सांगेना म्हणून परत गेले. तुळजाबाई साखर आणायचं निमित्त करून आत आली, रहिमुबीचे दोन्ही हात धरले आणि बोलायच्या ऐवजी नुसती हुश्श करत राहिली, खूप दुरून डोक्यावर आणलेली घागर उतरवून ठेवावी तशी. रहिमुबी भिंतीला टेकून बसली आणि तिला एकदम सपाटून भूक लागली.

"वेणी कुणी घातली म्हणायची?" बाहेरून साळूबाईचा आवाज आला. "ती बाई असंल तर बोलवा. माह्या फणीला रोज पुंजकाच्या पुंजका येतो, त्याला काय लावू विचारते."

रहिमुबी पडद्याबाहेर आली. साळूबाईनं तिथल्या तिथं अंबाडा सोडला आणि डोकं तिच्यापुढे केलं.

पुढे लग्न झालं. नंदाचे नवे केस मुळाशी कुरळे येत राहिले आणि जुन्या सरळ केसांशी जिथं जुळायचे तिथं ते नाजूक असत. तेवढ्या जागेला रहिमुबी फार जपे. नंदा माहेरी आली की दरवेळी दोन बोटं कात्री, जवसाचं पाणी, तेलाचा हात. तुळजाबाई आता तुळशीपाशी जात नसे, शेजारी बसून गप्पा मारी. जळके केस असे हळूहळू सगळे निघून गेले. रहिमुबीनं स्वतःचा खार मात्र सोडला नाही. तिला तिचे केस सरळच आवडत.

नंदा तिसऱ्या दिवाळीला आली त्या सकाळी रहिमुबी सवयीनं चिमटा घेऊन निघाली होती. पडवीत नंदा केस मोकळे सोडून बसली होती; खांद्यावर, कानांवर, कपाळावर सगळीकडे वळणं.

"खाला, शेगडी पेटवू का?"

"कशाला?" रहिमुबीनं बाह्या वर सारल्या आणि जवसाच्या पाण्यात बोटं बुडवली. "पाठ कर."